उंबरडोहचे एकसष्ट उजेड

उपग्रहाला निलंबित करता येत नाही, या एकाच कारणामुळे दांगटबाईंची नोकरी शिल्लक होती.

कायदा असा होता की आकाशातून कितीही लख्ख दिसलं तरी एखादं जंगल 'ऱ्हास पावलेलं' ठरवण्याआधी एका सरकारी माणसाने पायी तिथे जावं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि सही करावी. उद्या काही चुकलं तर चौकशी करायला कोणीतरी हवं, हा त्यामागचा खोल विचार. पुण्याच्या वनस्थिती केंद्रात एके काळी असे चाळीस पडताळणी अधिकारी होते. मग पडताळणी दर वेळी यंत्राच्याच बाजूने निघते असं कोणाच्या तरी लक्षात आलं आणि भरती थांबली. काही निवृत्त झाले, काहींची बदली मत्स्यव्यवसायात झाली, एक जण साधू झाला. त्याचा राजीनामा अजून विचाराधीन आहे. उरल्या त्या एकट्या हेमांगी दांगट. वय चौपन्न, गुडघे सत्तरीचे, बुटांना गेल्या तीन जिल्ह्यांची माती.

यंत्राचं नाव अरण्यचक्षू. ऑफिसात सगळे त्याला नुसतं चक्षू म्हणत. वरिष्ठ हजर असले तर चक्षुप्रणाली. सातशे किलोमीटर उंचीवरून बारा उपग्रहांचा थवा जे पाठवी ते चक्षू वाचायचा. हे फोटो नव्हेत. फोटोला ढग आडवे येतात. सह्याद्री तर वर्षातले चार महिने कॅमेऱ्याला तोंडच दाखवत नाही, आणि ही गोष्ट लाकूडचोरांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. चक्षूचे उपग्रह रडारची लहर खाली सोडत आणि ती आपटून परत कशी येते ते मोजत. सगळी मेख लहरीच्या लांबीत. बोटाच्या पेराएवढी आखूड लहर पानांवरच आपटून माघारी येते. तिच्या लेखी जंगल म्हणजे हिरवं छप्पर, बाकी काही नाही. वीतभर लांबीची लहर पानांना जुमानत नाही. ती छपरातून खाली उतरते, खोडांना आणि जाड फांद्यांना धडकते आणि परत जाऊन सांगते, आत खांब किती उरलेत.

आणि तेच कळायला हवं असतं. सरसकट तोड समजायला उपग्रह लागत नाही. दात पाडला की हसताना सगळ्यांना दिसतो. ऱ्हास म्हणजे कीड. हसू तसंच, दाढ आतून पोकळ.

दांगटबाईंचा जीव मात्र चक्षूच्या दुसऱ्याच एका गुणावर जडला होता. त्या लहरीला ओल कळते. झाडं रात्रभर मुळांतून पाणी ओढतात आणि दिवसभर पानांतून सोडून देतात, त्यामुळे पहाटे सहाला खोडं भरलेली असतात, संध्याकाळी सहाला रिती. उपग्रह नेमके या दोन वेळांना माथ्यावरून जात. सकाळ-संध्याकाळची चित्रं एकामागोमाग लावली की पडद्यावरचं जंगल फुगायचं आणि ओसरायचं, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या कुशीसारखं. दांगटबाई डबा खाताना एखादं जंगल लावून बसत. पहिल्या घासाला वैशाख असे, लोणच्यापर्यंत पौष उजाडे. पोळीचा तुकडा हातातच राही आणि त्यांचाही श्वास त्या कुशीबरोबर संथ होत जाई.

"बाई, झोपलात का?" शिपाई विचारी.

"नाही हो. मेळघाट बघतेय."

मार्गशीर्षात चक्षूने उंबरडोहचं प्रकरण पाठवलं. उंबरडोह म्हणजे भीमेच्या उगमाकडच्या डोंगरात सत्तर उंबऱ्यांचं महादेव कोळ्यांचं गाव आणि वर दीडशे हेक्टर रान, गावाच्या सामूहिक हक्काचं. या रानातून अठरा वर्षांत एकसष्ट झाडं नाहीशी झाली होती. एका वेळी एकच. दोन शेजारची कधीच नाहीत. सगळ्यात जाड नाही, सगळ्यात सरळ नाही. ट्रक जाईल अशी वाट नाही. चक्षूचा निष्कर्ष होता: 'अत्यंत शिस्तबद्ध टोळी. घाई नाही, हाव नाही. म्हणून विशेष धोकादायक.'

'ऱ्हास' अशी सही झाली की रान 'वनविश्रांती'त जाई. म्हणजे तीस वर्षं कुंपण. हिरड्याला नाही, मधाला नाही, सरपणाला नाही. माणसाने आत पाऊल टाकायचं नाही.

"सोपं प्रकरण आहे, दांगटबाई," संचालक नेर्लेकर म्हणाले. नेर्लेकर साहेब सज्जन होते. वाईट बातमी ते नेहमी चहाबरोबर देत. "जाऊन या. तिकडची हवा चांगली आहे."

*

फाट्यावर त्यांना घ्यायला एक काटकुळा म्हातारा उभा होता. डोक्याला मफलर, कमरेला कोयता.

"मी गेणू लोहकरे. रान दावायला मलाच धाडत्यात."

"तुम्ही वनसमितीचे का?"

"छ्या. मला कशातच घेत न्हाईत. मयत हाय मी."

कागदावर मेलेली माणसं दांगटबाईंना नवीन नव्हती. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांतली दोन त्यांच्याच ऑफिसात होती. त्यांनी विषय वाढवला नाही.

गावात चिमाबाई असवले ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. वय पंच्याऐंशीच्या घरात, आवाज चाळिशीचा. रानाचं काही विचारायचं तर तिलाच, असं गेणूने वाटेतच बजावलं होतं. दांगटबाईंनी टॅबलेट तिच्यापुढे धरला. काळ्या रानावर एकसष्ट ठिपके. चिमाबाईने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ह्ये कुणी काढलं?"

"उपग्रहाने. वरून."

"सगळे बराबर हायती," ती जरा नाराजीने म्हणाली. एवढ्या वर्षांचं आपलं पाठांतर कोणीतरी परस्पर उतरवून घ्यावं, तसा तिचा चेहरा झाला. "चल, दावते. पण पायात काटा गेला तर बोंब मारायची न्हाई."

वाट काही अंतर कुंपणाला लागून होती. कुंपणापलीकडे शेजारच्या गावचं रान, बारा वर्षांपूर्वी विश्रांतीला पाठवलेलं. तिथे घाणेरी पुरुषभर उंच माजली होती, एकीत एक गुंतलेली, खाली एक रोप तग धरत नव्हतं. या रानाला चक्षूने सलग नऊ वर्षं उत्तम श्रेणी दिली होती. एक खांब कमी झाला नव्हता. वाढलाही नव्हता, पण तो रकाना तक्त्यात नव्हता. पडताळणीच्या सह्या दांगटबाईंच्याच होत्या. कुंपणाबाहेरून केलेल्या, कारण आत जायला मनाई.

"तुमचंच काम का ह्ये?" गेणूने सहज विचारलं.

दांगटबाईंनी बुटाची लेस बांधायला घेतली.

उंबरडोहच्या रानात शिरल्यावर अंधारलं. अंजन, जांभूळ, हिरडा, माथ्यावर एकमेकांच्या गळ्यात पडलेले. बोलणं आपोआप कमी झालं. पायाखाली पाचोळा इतका मऊ की आपण चालतोय की कोणी आपल्याला उचलून नेतंय ते कळेना. आणि मग समोर एकाएकी उजेडाचा खांब उभा राहिला. छपराला घोंगडीएवढं भोक, त्यातून तिरपं खाली आलेलं ऊन, त्या उन्हात सावकाश तरंगणारी चिलटं, आणि खाली रोपांची कंबरभर दाटी. अशी रोपं सावलीत बोटभर उंचीवर वर्षानुवर्षं वाट बघत थांबतात, हे दांगटबाईंनी कॉलेजात वाचलं होतं. वर जागा झाली की ती निघतात.

"हा कुशा मास्तरचा उजेड," चिमाबाई म्हणाली.

"कोण कुशा मास्तर?"

"शाळेवर व्हता. गेला."

टॅबलेट म्हणत होता: गेल्या वर्षी, १२ ते १४ नोव्हेंबर. "कधी गेले?" दांगटबाईंनी विचारलं.

"नाचणी खळ्यात व्हती तवा."

त्यांनी मनातल्या मनात महिना जुळवला. जुळला.

"माणूस गेला की त्याच्या नावाचं झाड तोडायचं," गेणू सांगू लागला. "साठी झाली की आपलं आपण बघून ठिवायचं, चिमाबाईला संगं घिऊन. घरट्याचं न्हाई, मोहळाचं न्हाई, दुसऱ्याच्या उजेडाला लागून न्हाई."

"म्हणजे त्याच लाकडावर त्या माणसाला..."

"वल्या लाकडावर कोण जळतंय, म्याडम?" शिकल्यासवरल्या माणसाने एवढं विचारावं याचं गेणूला वाईट वाटलं. "जाळायचं आधीच्याच्या झाडावर. त्ये वाळलेलं असतंय. ह्याचं तोडून देवळामागच्या पडवीत रचायचं, फुडच्यासाठी. मास्तर जळला तुळसाबाईच्या झाडावर. आता मास्तरचं वाळतंय."

"कोणासाठी?"

"आसं इचारायचं न्हाई," चिमाबाई म्हणाली. "जो तो आपल्या फुडच्याची सोय करून जातो. फुडचा कोण, त्ये बघायला थांबत न्हाई."

दिवसभर तिघं उजेडामागून उजेड फिरत राहिले. तुळसाबाईचा उजेड छातीभर रोपांचा. सगुणाचा जुळ्या खोडाच्या झाडाचा, कारण ती गेली तेव्हा पोटुशी होती. कुणाचा हिरडा वाळत घातला होता तेव्हाचा, कुणाचा होळीच्या दुसऱ्या दिवशीचा. जितका जुना उजेड तितकी झाडं उंच आणि उजेड बारीक. शेवटी शेवटी तर उन्हाचा एक धागा खाली लोंबत असे आणि चिमाबाई त्याखाली उभी राहून नाव घेई. चक्षूच्या तारखा आणि तिची नावं एकमेकांत बसत गेली. दांगटबाई लिहीत होत्या. आपण जंगल बघतोय की वाडी, हे त्यांना हळूहळू कळेनासं झालं.

"हा गेणूचा."

"गेणू कोण?" त्यांनी न बघता विचारलं.

"कोण काय? मागं हुबा हाय."

दांगटबाईंनी वळून पाहिलं. गेणूने नमस्कार केला.

"चांगला सत्तावन्नाचा असताना मी घरातून गेलो," तो म्हणाला. "भांडून. गोव्याला. तीन वरसं कळवलं न्हाई. हितं समद्यांनी धरलं, मेला. पळसाच्या पानांचा पुतळा केला, जाळला, झाड तोडलं. म्या आलो तर माझं झाड माझ्या फुडच्या मान्साखाली जळून गेल्यालं."

"मग आता?"

"आता मला झाड न्हाई. एकाला एकच. म्हनून मी मरायचं टाळतो." त्याने मफलर सारखा केला. "बाकी तब्येत बरी हाय."

मावळतीकडे वळताना चिमाबाईने दांगटबाईंचा दंड धरला. आधारासाठी, असं त्यांना वाटलं.

"तुझी आई हाय का गं?"

"नाही. सहा वर्षं झाली."

"तिला कोणतं झाड दिलं?"

"पुण्यात विजेवर करतात, आजी. झाड लागत नाही. तासाभरात होतं सगळं. नंबर लावायचा." नंबर सात होता, हे त्यांना उगाच आठवलं.

"बरं," चिमाबाई म्हणाली. थोडं चालून तिने पुन्हा विचारलं, "मग भोक कुठं पडलं?"

दांगटबाईंनी नंतर ऑफिसात ती तारीख लावून अख्खं पुणे शोधून पाहिलं. चक्षूला ते भोक सापडलं नाही.

*

पडताळणीच्या फॉर्मवर तीन पर्याय होते: 'तोड', 'नैसर्गिक', 'इतर'. 'तोड' म्हटलं की कुंपण. 'नैसर्गिक' म्हणजे वादळ, वीज, वाळवी. ते खोटं झालं असतं, आणि दांगटबाईंनी आजवर खोटी सही केली नव्हती. फार तर कुंपणाबाहेरून केली होती. 'इतर' हा पर्याय कोणीच वापरत नसे, कारण त्याला तीन प्रतींत पुरवणी जोडावी लागे. त्यांनी 'इतर' निवडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माणूस गेला'. पुरवणीत एकसष्ट नावं, तारखांसह. गेणूचंही. झाड त्याच्या नावाने गेलं होतं, हे खरंच होतं.

आता चक्षूचं असं, की तो पडताळणीतून शिकायचा. माणसाने डोळ्यांनी पाहून दिलेलं कारण त्याच्या लेखी वेदवाक्य. अठरा वर्षं त्याला 'तोड' आणि 'नैसर्गिक' एवढेच शब्द मिळाले होते. हा तिसरा शब्द त्याने, उपाशी मुलाने वाटी चाटून पुसून घ्यावी तसा, घेतला. झाड वादळाने पडलेलं नाही, कुजलेलं नाही, तरी नाही. आणि ज्या ठिकाणी सगळ्यात नीट चौकशी झाली त्या ठिकाणी प्रत्येक वेळी एक माणूस गेलेला. एकसष्टपैकी एकसष्ट. यंत्राला याहून भक्कम पुरावा काय हवा?

त्याने तो शब्द देशभर लावला.

माघात नेर्लेकर साहेबांनी दांगटबाईंना आत बोलावलं. टेबलावर चहा आधीच आलेला होता, त्यावरून त्या समजल्या.

"दक्षिणेकडे एक खाणीचा पट्टा आहे," साहेब म्हणाले. "रस्त्यासाठी थोडी झाडं काढली होती. रीतसर परवानगी होती, अहवालात 'किरकोळ घट' असं यायचं ठरलेलं. आता काय आलंय वाचा."

पडद्यावर होतं: 'एका आठवड्यात एक्केचाळीस हजार माणसं गेली. उंबरडोह येथे हे प्रमाण अठरा वर्षांत एकसष्ट. तातडीने लक्ष द्यावे. नावे कळवावीत.'

"नावं?" दांगटबाई म्हणाल्या.

"पूर्वी तो 'क्षेत्र किती' विचारायचा. आता 'कोण गेलं' विचारतो. हे आपोआप वरपर्यंत गेलं, बाई. वरून आरोग्य खात्याला विचारलं, एवढे मृत्यू दडवले कसे. आरोग्य खात्याने कळवलं, आमच्या नोंदीत कोणी मेलेलं नाही. पोलीस म्हणाले, तक्रार नाही. मग तीन खात्यांची बैठक झाली. त्यात एका उपसचिवाने विचारलं, पण एक्केचाळीस हजारांतलं निदान एक तरी नाव आहे का? आणि," साहेबांनी कप खाली ठेवला, "बैठक तिथेच तहकूब झाली म्हणे. चहा यायच्या आधी."

"मग मी काय करू?"

"नियम सोपा आहे. 'इतर'मधल्या कारणाची दुसरी पडताळणी व्हावी लागते. तुम्ही पुन्हा जायचं. कारण नाकारलंत, तर चक्षू ते विसरतो. कायम केलंत, तर ते पक्कं होतं आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्यानेच खोडायला हवं."

"दुसरा अधिकारी नाही."

"म्हणून तर चहा मागवला." साहेब कसनुसं हसले. "हे बघा, तुमच्या यादीतला एक जण जिवंत आहे. गेणू लोहकरे. त्याचा फोटो काढा. एक जिवंत सापडला की कारण चूक ठरतं. तुम्हाला खोटंही बोलावं लागत नाही."

"आणि उंबरडोह?"

"कारण गेलं की एकसष्ट झाडं 'तोड'मध्ये जातात. मग विश्रांती." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "रानाला पण बरं असतं हो. विश्रांती."

*

चैत्रात अंजनाला जांभळी फुलं आली होती आणि रान धुरात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. फाट्यावर गेणू नव्हता. दांगटबाई एकट्याच चढल्या. गावात शिरताना त्यांना कोंबडीसुद्धा ओरडताना ऐकू आली नाही.

चिमाबाई त्याच ओट्यावर आडवी होती, पांढऱ्या लुगड्यात. पहाटे गेली होती. बायका भोवती बसलेल्या, पुरुष देवळाच्या कट्ट्यावर. देवळामागच्या पडवीतून कुशा मास्तरचं लाकूड काढून बाहेर रचलेलं होतं, खणखणीत वाळलेलं. पडवी आता रिकामी होती.

गेणू कट्ट्याच्या टोकाला बसला होता, कुऱ्हाड मांडीवर आडवी.

"झाड तोडलं?" दांगटबाईंनी विचारलं.

सरपंच सुभद्रा असवले, चिमाबाईची पुतणसून, पुढे आली. तिच्या हातात तालुक्याहून आलेलं पत्र होतं.

"म्याडम, हितं लिवलंय, दुसरी पडताळणी होईस्तवर एकपण झाड कमी झालं तर रान त्याच दिवशी बंद. तुम्ही आज येणार, त्ये ठावं व्हतं. मग आमी ठरवलं. मास्तरच्या लाकडावर आत्याबाईंचं करू. पण त्येंचं झाड तोडायचं न्हाई."

"मग पुढच्याला?"

"फुडच्याला बघू. तालुक्याला ग्यासवाली भट्टी झाली म्हंत्यात."

म्हणजे ओळ इथे संपत होती. मास्तरवर चिमाबाई जळणार आणि चिमाबाईने कोणासाठीच काही ठेवून जायचं नाही. जिने सगळ्या वाडीला झाडं निवडून दिली तिचा उजेड पडणार नव्हता. टॅबलेटवर दोन बटणं होती, 'नाकारा' आणि 'कायम', आणि गेणू समोर बसलेला होता, फोटो काढण्याइतका जिवंत.

"म्याडम," तो खाली बघत म्हणाला, "माझ्यापायी अडलंय का? नेर्लेकर म्हनून कुणी फोन केल्ता ग्रामपंचायतीत. मी जिता हाय म्हनून यादी खोटी पडती म्हनं. तसं आसंल तर सांगा. माझं काय, यकदा झालेलंच हाय."

"गप बसा, गेणूदादा," दांगटबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्या कोणावर ओरडल्या नव्हत्या, आणि आताही आवाज फार चढला नाही. "कोणतं झाड होतं आजींचं?"

"तळ्याच्या वरच्या अंगाला जांभूळ हाय."

"चला. तोडू."

कट्टा हलला. सुभद्राने पत्र पुन्हा एकदा वाचलं, जणू मधल्या काळात त्यातला मजकूर बदलला असावा. "तुम्हीच सांगताय?"

"मीच सांगतेय. दुसरी पडताळणी सुरू झाली, ती मीच करतेय. मला पाहायचंय. आजवर मी सगळं झाल्यानंतर बघायला येते."

जांभूळ मध्यम होतं, एका अंगाला कललेलं, बिनघरट्याचं. पहिला घाव नात्यातल्याने घालायचा नाही, अशी रीत. सत्तर उंबऱ्यांत कोण कोणाचं नात्यातलं नसणार? म्हणून गेली बारा वर्षं हे काम गेणूकडे होतं. मेलेल्याला नातं नसतं. आज त्याने कुऱ्हाड उचलली, झाडाला हात लावला आणि खाली ठेवली.

"मी गोव्यास्नं आलो तवा घरात घ्यायला कुणी तयार न्हवतं. हिनं भाकर दिली. मला न्हाई जमायचं. म्याडम, तुम्ही परक्या."

दांगटबाईंनी आयुष्यात लाखो झाडं मोजली होती. कुऱ्हाड अपेक्षेपेक्षा जड होती. पहिला घाव साल चाटून गेला.

"खुर्चीवरची बाई हाय," मागून कोणीतरी समजुतीने म्हणालं.

दुसरा लागला. मग तरुण पुढे आले आणि तासाभरात जांभूळ कललं, माथ्यावरच्या फांद्यांना धरत धरत, जत्रेतून निघताना दहा जणांचा निरोप घेणाऱ्या म्हातारीसारखं, सावकाश खाली आलं. धूळ आणि पानं बराच वेळ हवेत फिरत राहिली. आणि मग वरून ऊन उतरलं. त्या जमिनीला शंभर वर्षांत ते माहीत नव्हतं. पाचोळ्यात बोटभर उंचीची रोपं होती, चाळीस-पन्नास. दांगटबाईंना वाटलं ती दचकली. त्या तिथेच पाचोळ्यावर बसल्या, मग आडव्या झाल्या. साहेबी कपड्यांत असं पडू नये, पण पडल्या. वर आभाळाचा एक तुकडा होता, चिमाबाईच्या मापाचा. आजवर त्या वरून खाली बघत आल्या होत्या. खालून वर बघायला हे इतकं खोल असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गेणू शेजारी उकिडवा बसला. "तिनं मला सांगून ठिवलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "माझं झाड दोघांना पुरंल, निम्मं गेणूच्या नावानं रचा. एकाला एकच, ह्ये खरं. पन निम्मं चालतं, म्हनाली. कुणी इचारलं तर माझं नाव सांगा."

"मग?"

"मग काय. आता मरायला हरकत न्हाई." त्याने थोडा विचार केला. "घाई पन न्हाई म्हना. लाकूड वाळायचं हाय अजून."

चार वाजता ओढ्याकाठी चिमाबाईला कुशा मास्तरच्या लाकडावर ठेवलं. धूर सरळ वर गेला.

सहाला उपग्रह माथ्यावरून गेला. दिसण्यासारखं काही नव्हतं. दांगटबाई तळ्याच्या वरच्या अंगाला एका दगडावर बसून होत्या, हाताला फोड आलेला. वीस मिनिटांनी टॅबलेट थरथरला.

'उंबरडोह. एक झाड कमी. कोण गेलं?'

त्यांनी लिहिलं: चिमाबाई असवले. डोळ्यांनी पाहिले. मग 'कायम' दाबलं. यंत्राने खात्री आहे का असं विचारलं, तशी त्याची पद्धतच होती. त्यांनी पुन्हा दाबलं.

फोन लगेच आला. सही झाली की साहेबांच्या टेबलावर दिवा लागत असे.

"दांगटबाई." नेर्लेकर साहेबांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "काय केलंत हे? आता ते कारण मला खोडता येत नाही, कोणालाच येत नाही. तुमच्यावर काय येईल ते येईल, ते मी बघतो. पण त्या खाणीच्या पट्ट्याचं काय? चक्षू दर सकाळी आणि दर संध्याकाळी विचारतोय. एक्केचाळीस हजार नावं मी आणायची कुठून?"

"ज्यांनी तोडलीत त्यांना विचारा, साहेब," दांगटबाई म्हणाल्या. "इथे विचारलं तर लगेच सांगतात."